एकाच रंगाचा दोरा

जनकाबाईला स्वस्थ बसता येत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेवटचा घास ती उभ्यानेच खाते, असे तिचे यजमान उकंडराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एसटीच्या थांब्यावर बाकडे रिकामे असले तरी ती येरझाऱ्या घालायची. पण त्या वर्षी, गौरी-गणपती उठले तेव्हापासून, तिच्या पायांतली ही चुळबुळ मनात शिरली होती. काहीतरी बिनसले आहे एवढे तिला कळत होते. काय ते कळत नव्हते.

जानेफळच्या शिवारात रंगरावांच्या शेडनेटमध्ये मिरचीचे संकरित बियाणे तयार होत असे. रोपे, पाणी, खत हे सगळे रंगरावांचे, बियाणे कंपनीचे, आणि मधले सगळ्यात नाजूक काम बायांचे. त्या बायांची जनकाबाई मुकादम. काम ऐकायला सोपे. दुपारी, उद्या उमलणार अशी कळी हेरायची. चिमट्याने पाकळ्या हलकेच उघडून आतले बारीक निळसर पुंकेसर एकूण एक काढून टाकायचे. याला बाया कळी सोलणे म्हणत. सोललेल्या कळीच्या देठाला दोऱ्याचा सैल फेर द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर झाडाचा पराग लावायचा. एखादा जरी पुंकेसर आत राहिला तरी कळी आपल्याच परागाने फळते, बी भेसळीचे होते आणि कंपनीच्या चाचणीत सगळा प्लॉट नापास होऊ शकतो. "आत निळं राह्यलं" हे तीन शब्द त्या जाळीखाली कोणालाच ऐकायला नको असत.

म्हणून आसपासच्या सगळ्या शेडनेटमध्ये एक रीत होती. प्रत्येक बाईची ओळ ठरलेली आणि प्रत्येक बाईचा दोरा वेगळ्या रंगाचा. निळे सापडले की दोऱ्यावरून बाई सापडायची. जनकाबाई मुकादम होण्याआधी अशाच एका शेडनेटमध्ये कामाला होती. तिथे बाया दुसरीच्या रंगाचा दोरा पदरात लपवून आणत आणि आपली बिघडलेली कळी तिच्या नावावर बांधत. कोणी कोणाला पाणी विचारत नसे. एका हंगामात त्या टोळीची दाणादाण झाली आणि शेजारणी शेजारणींच्या दारात जाईनाशा झाल्या. जनकाबाईने ते डोळ्यांनी पाहिले होते.

स्वतःची टोळी जमली तेव्हा ती मेहकरच्या बाजारातून फक्त लाल दोऱ्याची रिळे घेऊन आली. ओळी तिने रोज बदलत्या ठेवल्या. आणि एक नेम घातला. आपल्या हातून कळी बिघडली तर ती तिथेच खुडायची आणि मोठ्याने "गेली" म्हणायचे. बाकीच्यांनी मान वर करायची नाही, कोण बोलले ते पाहायचे नाही. पहिले काही दिवस बाया ओठातल्या ओठात पुटपुटत. मग हळूहळू जाळीत या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून "गेली", "गेली" असे आवाज येऊ लागले, आणि त्यात कोणाला काही वाटेनासे झाले. दाराजवळची, उन्हाची तिरीप येणारी ओळ जनकाबाई स्वतः घ्यायची. एखादीचे घरी भांडण झालेले तिच्या चालण्यावरून ओळखायची, आणि त्या दिवशी तिला चिमटा न देता पराग चाळायला बसवायची. का बसवले ते विचारायची नाही. रंगरावांकडे इतकी वर्षे तीच टोळी येत होती ती यामुळे.

आणि आता त्याच टोळीत ती जवळ गेली की बोलणे थांबत होते.

"काय चाललं वं?" तिने एकदा रुखमाबाईला विचारले. रुखमाबाई टोळीतली सगळ्यात जुनी, वयानेही मोठी. जनकाबाईला नावाने हाक मारणारी ती एकटीच.

"काई नाई, जनके. सुनेचं सांगून राह्यली होती."

"तुही सून तं माहेराले गेली ना?"

"मनूनच सांगून राह्यली. घरी असती तं सांगितलं असतं काय?"

बाया हसल्या. जनकाबाईही हसली. पण ते हसणे लवकर संपले, आणि सगळ्यांचे हात जरा जास्तच घाईने कामाला लागले, हे तिच्या नजरेतून सुटले नाही. घरीही तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते. जेवताना उकंडरावांच्या दाताखाली खडा आला.

"अवं, वरनात खडा हाय."

"डाळच तशी देते तो दुकानदार."

"काल भातात होता. तांदूळबी तसाच देते काय?"

"उद्यापासून तुमी निवडा मग!" ती इतक्या जोरात बोलली की उकंडरावांनी पुढचा खडा निमूटपणे ताटाच्या कडेला ठेवला.

नवरात्र संपता संपता एका सकाळी कंपनीचा प्रज्वल तपासणीला आला. पोरगा शिकलेला, बोलायला नम्र, पण कामात काटेकोर. पराग लावायच्या आधी तो भिंग घेऊन ओळींतून फिरायचा आणि इथली-तिथली कळी उघडून पाहायचा. एरवी तो अर्ध्या जाळीतून परत फिरे. त्या दिवशी एका ओळीत तो थांबला तो थांबलाच. एक कळी, दुसरी, मग तिसरी.

"मावशी, इकडे या. आत निळं आहे. या एकाच पट्ट्यात. ही ओळ काल कोणाकडे होती?"

"साहेब, आमच्या इथी ओळ कोनाची नसते. मधीच बदलतेबी."

"तेच तर म्हणतोय. पुढच्या सोमवारी मी परत येतो. तोपर्यंत प्रत्येकीचा रंग वेगळा आणि ओळ ठरलेली. निळं कोणाचं ते मला दिसलं पाहिजे. नाहीतर प्लॉट रद्द करावा लागेल. माझाही नाइलाज आहे."

रंगराव मागेच उभे होते. वर्षाचा खर्च जाळीत घातलेला माणूस. ते तोंडाने फार बोलले नाहीत. "जनकाबाई, तुमचं लाल दोऱ्याचं कौतिक मी आजवर चालू देल्लं. आता मले ती बाई पायजे. कोन ते सांगा, तिले काढा, आन् मोकळे व्हा."

दुपारी बायांच्या हातात निरनिराळी रिळे पडली. रुखमाबाईला पिवळे, समीक्षाला हिरवे, कोणाला निळे, कोणाला पांढरे. लाल जनकाबाईने स्वतःकडे ठेवले. ते दुसऱ्या कोणाला द्यायला तिचा हात धजला नाही. त्या दुपारी जाळीत एकदाही "गेली" ऐकू आले नाही.

तिला माहीत होते हे कुठे जाते. दोन-चार दिवसांत पदराआड दोरे येतील. सोमवारपर्यंत एक बाई जाईल आणि दिवाळीपर्यंत टोळी. म्हणून जे कोणी असेल ते आपणच आधी शोधावे, तिला गुपचूप बाजूला घ्यावे आणि लाल दोरा परत आणावा, असे तिने ठरवले. स्वतः घातलेला मान वर न करण्याचा नेम मोडून ती आता प्रत्येकीच्या हातांकडे पाहू लागली.

आणि तिची नजर पुन्हा पुन्हा समीक्षावर जाऊन थांबू लागली. समीक्षा रोहिणखेडची लेक, जानेफळला सून होऊन आलेली. टोळीत नवीन होती, हात चलाख होता, तोंडही चलाख होते. प्रज्वलला निळे सापडले त्याच्या आदल्या दुपारी ती लेकराला ताप आहे म्हणून घाईने निघून गेली होती. जाण्याच्या घाईत कळ्या कशाबशा सोलल्या असणार. हिशेब जुळत होता. वर आणखी एक गोष्ट: ही पोरगी आपली ओळ लवकर संपवून दुसऱ्यांच्या ओळींत घुटमळायची. विचारले की म्हणायची, "पाय मोकळे करून राह्यली, मावशी."

जनकाबाई सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन हिरव्या दोऱ्यांची ओळ तपासून आली. वाकून वाकून पाहिले. काही सापडले नाही. त्याने तिचे समाधान झाले नाही, उलट संशय घट्ट झाला. चोर हुशार आहे, एवढाच अर्थ तिने घेतला. रात्रीची झोप गेली. उकंडराव म्हणाले, "सांगून टाक ना तिले सरळ." तर ती म्हणाली, "पुरावा नको काय?" आणि स्वतःच्या तोंडी आलेला हा शब्द तिला ओळखू येईना.

शनिवारी दुपारी ती पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली, आणि टाकीजवळ न थांबता जाळीला वळसा घालून मागच्या दाराने आत आली. समीक्षा हिरव्या ओळीत नव्हती. ती दाराजवळच्या ओळीत होती. जनकाबाईच्या. लाल दोऱ्यांवर वाकून तिची बोटे भराभर चालली होती.

बिघडलेल्या कळ्यांना लाल दोरे बांधून ही आपला दोष मुकादमाच्या गळ्यात घालते आहे! जुन्या शेडनेटमधले सगळे चेहरे जनकाबाईच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"काय करून राह्यली वं माह्या ओळीत?"

समीक्षा दचकून ताठ झाली. तिचा उजवा हात मागे गेला. सगळ्या बायांचे हात थांबले.

"काई नाई, मावशी. पाय मोकळे..."

"पाय तिकडं मोकळे कर. मूठ उघड."

"राहू द्या ना, मावशी."

"मूठ उघड म्हनते ना! इतक्या दिसाची पाहून राह्यली मी. तुह्या घाईपायी आमची टोळी मोडाची पाळी आली, आन् वरतून माह्या दोऱ्याले हात लावते? रोहिनखेडाहून हेच शिकून आली काय?"

माहेर काढल्यावर समीक्षाचे डोळे भरले, पण तिने मूठ उघडली नाही. उघडली ती रुखमाबाईने. पिवळ्या ओळीतून ती धीम्या पावलांनी आली आणि पोरीचे बोट न् बोट सोडवले. तळहातावर खुडलेल्या कळ्या होत्या. प्रत्येकीच्या देठाला लाल फेर.

"पाह्य, जनके," रुखमाबाई म्हणाली, आणि एक कळी उघडून तिने जनकाबाईच्या डोळ्यांजवळ धरली.

"काय पाहू? साफ तं हाय."

"नीट पाह्य."

"साफ हाय म्हनते ना. पांढरं फट."

मग समीक्षाने पुढे होऊन रुखमाबाईचे मनगट धरले आणि हळूहळू मागे नेले. वीतभर. आणखी थोडे. कळी जनकाबाईच्या चेहऱ्यापासून हातभर लांब, तिरपीच्या उन्हात आली, आणि आत्तापर्यंत नुसता पांढरा धूर दिसत होता त्यात एक निळा ठिपका उमटला. शेजारी दुसरा.

जनकाबाईने दुसरी कळी स्वतः उचलली. हात लांब केला. तिच्यातही निळे होते.

"कवापासून?" तिने विचारले.

"गौरी गेल्या तवापासून," रुखमाबाई म्हणाली. "आदी मले दिसलं. मंग आमी पाळीपाळीनं तुह्या मांगून फिरलो. या पोरीची नजर चांगली, मनून जास्त तिनंच केलं. त्या दिशी लेकराच्या तापानं ती लवकर गेली, आन् आमी दुसऱ्या कडंला अडकलो. मधीच बदलून तू दुसऱ्या ओळीत गेली, तिथला तुहा पट्टा तसाच राह्यला. तोच साहेबाले सापडला."

"आन् तुमी मले सांगितलं नाई."

"कसं सांगाचं?"

"कसं म्हंजे? तोंडानं! इतक्या वर्सापासून काय सांगत आली मी? चूक झाली तं बोला, कोनी काई म्हननार नाई..."

"स्वतःची बोला, असं सांगितलं तुमी," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता, पण ती थांबली नाही. "दुसऱ्याची दिसली तं काय कराचं, ते नाई सांगितलं. मान वरतं कराची नाई म्हनल्या. आमी कराची कशी? आन् तुमची चूक तुमालेच दिसत नाई, तं 'गेली' म्हननार कोन?"

जनकाबाईने चिमटा ओळीत ठेवला आणि ती जाळीबाहेर गेली. टाकीपाशी गेली, तिथून बांधापर्यंत, बांधावरून परत टाकीपाशी. संताप कोणाचा आला होता ते तिला उमगेना. पोरीला चोर ठरवली म्हणून स्वतःचा, की इतके दिवस सगळ्या टोळीने आपल्याला जपून जपून वागवले म्हणून त्यांचा? आपण जवळ गेल्यावर थांबणारे ते बोलणे आपल्याविषयीचेच होते. आपली इतकी माया केली यांनी, आणि आपली इतकी भीती वाटली यांना. दोन्ही एकाच वेळी कसे असू शकते, हे तिच्या डोक्यात बसत नव्हते. सोमवारी प्रज्वल येणार. काही न बोलता चिमटा रुखमाबाईच्या हाती द्यावा, गुडघ्याचे निमित्त सांगावे आणि घरी बसावे, हाही विचार आला. टोळी वाचली असती. अब्रूही राहिली असती.

ती आत आली तेव्हा ऊन उतरले होते. बाया निघायच्या तयारीत होत्या. जनकाबाई आपल्या ओळीच्या टोकाशी उभी राहिली.

"गेली," ती म्हणाली. मोठ्याने. मग ओळीकडे हात केला. "ही आख्खी ओळ गेली. खुडा. मी बी खुडते." थोडे थांबून ती समीक्षाजवळ गेली. "आन् पोरी, तुह्यं माहेर काढलं ते चुकलं माहं. सगळ्याइसमोर काढलं, मनून सगळ्याइसमोर म्हनते."

"काढा ना मावशी," समीक्षा नाक पुसत म्हणाली. "रोज सासू काढतेच." यावर मात्र बाया खरेच हसल्या.

रात्री ताटावर बसलेल्या उकंडरावांना तिने विचारले, "खडे अजून लागतात काय?"

उकंडरावांनी आधी तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. "लागतात. पन बोललो का तू भांडते, मनून गिळतो."

"गिळत नका जाऊ," ती म्हणाली.

सोमवारी प्रज्वलने भिंग काढायच्या आतच जनकाबाईने त्याला आणि रंगरावांना सगळे सांगितले. निळे आपले होते, आपल्या डोळ्यांचे होते. टोळीने बाकीचे दिवस सांभाळून घेतले. सापडला तो पट्टाच राहून गेला होता, त्यातली धरलेली फळेही काल काढून टाकली.

रंगराव कपाळाला हात लावून म्हणाले, "मंग तुमी घरी बसा ना बाई आता! माह्या बियान्याशी कायले खेळता?"

"बसवा. पन आदी माहं ऐका. रंग नका ठेवू."

प्रज्वल म्हणाला, "मावशी, रागवू नका. पण रंग होता म्हणूनच तुमचं निळं सापडलं ना? लाल दोरा तुमचा होता म्हणूनच कळलं."

हा मुद्दा तिनेही दोन रात्री उलटापालटा केला होता. "साहेब, रंगानं मले काय देल्लं सांगू? मी या पोरीच्या मांगं लागली. हिरवा दोरा दिसला का मले चोर दिसे. माहं निळं मले रंगानं नाई दाखवलं. या पोरीनं हात मांगं नेला तवा दिसलं. ते आदीच करता आलं असतं, मी करू देल्लं असतं तं."

"मग आता काय करणार?"

"सोलनं झालं का ओळी बदलू. जिनं सोललं तिनं तपासाचं नाई, शेजारनीनं तपासाचं. आन् निळं दिसलं तं मुठीत नाई लपवाचं. जिचं हाय तिच्या तोंडावर म्हनाचं. आदी माही ओळ तपासाची."

प्रज्वलने रंगरावांकडे पाहिले. रंगराव जाळीतल्या झाडांकडे पाहत होते. शेवटी प्रज्वल म्हणाला, "या हंगामापुरतं बघू. मी मधूनमधून न सांगता येईन. एका पट्ट्यात परत निळं दिसलं तर रंग परत येतील, आणि तेव्हा मी ऐकणार नाही."

"येतीन तं येऊ द्या," जनकाबाई म्हणाली.

मेहकरला जाऊन तिने जवळचा चष्मा आणला. जाळीतल्या दमट उकाड्यात त्यावर वाफ धरायची, घामाने तो नाकावरून घसरायचा, आणि ती दर थोड्या वेळाने तो पदराने पुसायची. उकंडराव म्हणाले, मास्तरीण दिसतेस. कळीच्या आतले पुंकेसर आता तिला एवढे मोठे दिसले की पहिल्या दिवशी ती दचकली. इतके दिवस आपण काय सोलत होतो, या विचाराने तिचा हात मंदावला. तरी चिमटा तिने सोडला नाही.

पहिल्या दुपारी ओळी बदलल्या तेव्हा जाळीत कोणाचाच पाय उचलेना. समीक्षा जनकाबाईच्या ओळीत शिरली. जनकाबाई रुखमाबाईच्या ओळीत वाकली, पण तिचे कान मागे होते. लाल दोऱ्यांमधून समीक्षाची पावले पुढे सरकत होती; थांबत होती; पुन्हा सरकत होती. मग बराच वेळ सरकली नाहीत.

"मावशी," समीक्षा म्हणाली. "ही गेली. तुमची."

सगळ्या माना वर झाल्या. नवा चष्मा, नवी नजर, आणि तरीही! ओठांवर आलेले उत्तर जनकाबाईने दातांखाली धरले. वळून तिने चष्मा पुसला, पुन्हा चढवला, आणि पोरीच्या हातातली कळी नीट पाहिली. निळे होते.

"खुड," ती म्हणाली. "आन् पुढं पाह्य. थांबू नको."

समीक्षाने कळी खुडली. जनकाबाई रुखमाबाईच्या ओळीवर पुन्हा वाकली. थोड्या वेळाने तिनेही एक कळी उघडली, प्रकाशात धरली, पुन्हा पाहिली. इतक्या वर्षांत रुखमाबाईला तिने असे काही कधी म्हटले नव्हते.

"रुखमाबाई," ती म्हणाली, "तुहीबी एक गेली."

"हाव काय?" पलीकडून आवाज आला. "मंग तो चश्मा मले बी घालून पाहू दे."